मढं लायनीत उभं करताना: मराठवाड्यात झोंबीपट करू पाहणाऱ्या लेखकासाठी

गावात सांगितलं की झोंबीचा सिनेमा करतोय, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीतली चार पोरं लांग कसायच्या तयारीनं हजर. चूक त्यांची नव्हती. मराठीत झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट, आणि हा शब्द आपल्याकडं इंग्रजी सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे. त्यातल्या दोघांना ठेवून घेतलं. पुढं कळलं, की न लागता पडायचं कसं हे ज्याला येतं, तो माणूस अशा सिनेमात दहा नटांना भारी.

ज्यांनी एकांकिका लिहिल्या, मालिकांचे संवाद पाडले, दुसऱ्याच्या सिनेमाची पटकथा रात्री जागून दुरुस्त केली आणि आता स्वतः कॅमेऱ्यामागं उभं राहायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. भय-विनोदी सिनेमा पहिल्या दिग्दर्शनाला बरा पडतो. स्टार लागत नाहीत, अंधार फुकट असतो, आणि मराठवाड्यात उघडी माळरानं, ओस वाडे, बंद पडलेली जिनिंगची शेडं हवी तेवढी आहेत. अवघड भाग वेगळा आहे: लेखकाला स्वतःचेच शब्द कापता आले पाहिजेत.

आधी एक उदाहरण

डॅन ओ'बॅननचं नाव लक्षात ठेवा. १९७९ च्या 'एलियन'ची पटकथा त्याची. 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' हा सिनेमा आधी टोबी हूपर करणार होते, ते दुसऱ्या कामाला गेले आणि दिग्दर्शन लेखकाकडंच आलं. १९८५ साली आलेला हा त्याचा पहिला सिनेमा. जॉर्ज रोमेरोनं १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या सिनेमात जे मेलेले उठवले होते, त्यांचीच नक्कल होऊ नये म्हणून ओ'बॅनननं सगळी गोष्ट विनोदाकडं वळवली. त्याची मढी पळतात, बोलतात आणि मेंदू खातात. एक मढं वायरलेसवरून आणखी रुग्णवाहिकावाले पाठवून द्या म्हणून सांगतं. मेंदूच का, तर मेलेपण दुखतं आणि मेंदू खाल्ला की ते दुखणं तेवढ्यापुरतं थांबतं. हे टेबलाला बांधलेलं एक अर्धं मढं स्वतःच्या तोंडानं सांगतं. प्रेक्षक हसायला तोंड उघडतो आणि मध्येच थबकतो.

आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. त्या सिनेमातली माणसं शहाणपणानं ठरवतात की हे हलणारं मढं जाळून टाकू, म्हणजे विषय संपला. जाळतात. धूर वर जातो, ढगात मिसळतो, पाऊस होऊन कबरस्तानावर पडतो, आणि तिथली सगळी उठतात. दहन हा उपाय नसून तीच खरी सुरुवात. ज्या मुलखात बहुतेकांना अग्नी दिला जातो, तिथल्या लेखकानं यावर चार दिवस विचार करावा.

पहिली पायरी: मेलेल्यांचा नियम, एका पानात

पटकथेच्या आधी एक पान लिहा. कोण उठतं, का उठतं, उठल्यावर काय करतं, थांबतं कशानं. पान एकच. दुसरं पान लागलं तर नियम जास्त झाले.

आपल्याकडं पहिला पेच म्हणजे पुरलेली मढी फार नाहीत. लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती आणि इतर काही समाजांत दफन आहे, पण एखाद्या समाजाची दफनभूमी उचलून तिथून मढी काढणं हा आळस आहे, वर गावात भांडण लागेल ते वेगळंच. त्यापेक्षा अजून अग्नी न दिलेलं मढं घ्या. आमच्या गोष्टीत कृत्रिम पाऊस होता. मराठवाड्यात २०१५ आणि २०१९ साली विमानानं ढगांत फवारणी करून पाऊस पाडायचे प्रयोग झाले, त्यामुळं हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आमच्या पानावर एवढंच लिहिलं होतं: कृत्रिम पाऊस पडतो, पेरणीपुरताही नाही, पण सरण भिजण्याइतका. लाकडं पेटंनात. लोक डिझेल आणायला जातात तेवढ्यात आबा तिरडीवरून उठून चालायला लागतात.

कारण एवढं पुरे. शास्त्रज्ञ आणून समजावून सांगू नका. मराठीत २०२२ साली आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' येऊन गेलाय, झोंबी म्हणजे काय हे प्रेक्षकाला नव्यानं सांगायची गरज राहिलेली नाही. गावात मात्र एक फरक स्पष्ट ठेवा. मुंजा, हडळ, खवीस ही भुतं. त्यांना लिंबू, अंगारा, देवऋषी चालतो. झोंबी म्हणजे नुसतं शरीर, त्याच्यावर मंत्र चालत नाही. देवऋषी आणायचाच असेल तर पहिल्यांदा त्यालाच चावा घेऊ द्या. प्रेक्षक खूश होतो आणि नियमही कळतो.

दुसरा पेच: उठलेलं मढं करतं काय? झोंबीचा उगम हैतीच्या लोककथांत आहे आणि तिथं तो माणसं खात नाही. तो मेल्यावरही मालकासाठी राबतो, अनेक कथांत तर उसाच्या फडात. हे वाचलं तेव्हा मी बीड जिल्ह्यातच बसलो होतो. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको कारखान्यावर निघतात, दोघं मिळून एक कोयता मोजला जातो आणि फेड पुढच्या वर्षावर जाते, अशा भागात हैतीची कथा परकी वाटत नाही. आमचा नियम त्यातून निघाला: मेलेला माणूस राहिलेलं काम पुरं करायला जातो, आणि आडवं येईल त्याला चावतो. पटकथेतलं माझं सगळ्यात आवडतं वाक्यही तिथूनच आलं. फडात एक गडी मरतो, उठतो, बायको किंकाळी फोडते, आणि मुकादम वही न मिटता म्हणतो, "उठून चालायलाय ना? मग पुरा कोयता धरा."

इथं हसू मुकादमावर आहे. ऊसतोड्यावर हसू आलं की सिनेमा संपला असं समजा.

दुसरी पायरी: लेखकाची पटकथा, दिग्दर्शकाची पटकथा

यावर जरा जास्त बोलतो, कारण मी इथंच सगळ्यात जास्त चुकलो.

पेन्शनर असो की निराधार योजनेतली म्हातारी, वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. हयातीचा दाखला. आमच्या आबांचं राहिलेलं काम तेच होतं, शेवटची तारीख होती. ते स्मशानातून उठतात आणि सेवा केंद्राच्या लायनीत जाऊन उभे राहतात. कल्पना सुचली तेव्हा मी एकटाच खोलीत हसलो आणि बसल्या बैठकीला साडेचार पानं लिहिली. ऑपरेटर कोट्या करत होता, लायनीतले लोक सरकारवर बोलत होते, एक मास्तर मृत्यूवर चिंतन करत होते. वाचनाला सगळे खळखळून हसले.

उभं करून बघितलं तर मेलं. एका टेबलामागं माझी भाची बसवली, समोर सहा जण लायनीत आणि फोनवर शूट केलं. पहिल्या मिनिटानंतर कंटाळा. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. मढं लायनीत उभं आहे हाच विनोद, आणि माझी माणसं त्या विनोदावर बोलत होती. बोलतायत म्हणजे त्यांना दिसलंय. दिसलंय तर पळत का नाहीत? भीती गेली, तिच्या पाठोपाठ हसूही.

शेवटी शूटिंगला गेलेला सीन असा होता:

ऑपरेटर, मान खाली: "आबा, आधार द्या."
आबा कार्ड ठेवतात. हाताला नाकातला कापूस चिकटलेला.
ऑपरेटर: "अंगठा."
आबा अंगठा ठेवतात. मशीन लगेच टिंग करतं.
मागची बाई: "आमचा चार दिस झाले उठंना, अन् ह्यांचा एका दमात?"
आबा वळून निघतात. अंगठा मशीनवरच.
ऑपरेटर कागदानं अंगठा बाजूला सारतो. "पुढं कोण हाय?"

सव्वा पान, चार वाक्यं. रेशन दुकानात आणि बँकेत अंगठा न उठणं ही कष्टानं रेषा झिजलेल्या माणसांची रोजची रड आहे, त्यामुळं बाईच्या वाक्यावर मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात हशा येतोच. आणि ते वाक्य विनोद म्हणून नाही, तक्रार म्हणून म्हटलं जातं.

म्हणून पद्धत सांगतो. पटकथा झाली की तिची दुसरी प्रत काढा. लाल पेननं प्रत्येक संवादापुढं लिहा: हे वाक्य काढलं तर दिसणार नाही असं काय आहे? उत्तर सुचलं नाही की वाक्य गेलं. माझ्या एकशे दहा पानांची शहात्तर झाली. दुसरं, प्रत्येक सीनमध्ये जिवंत माणसाला एक काम द्या, जे तो मढं आलं तरी सोडायला तयार नाही. टँकरखाली लावलेली घागर, लग्नातली पंगत, मोजणीला आलेला माणूस, पेटत नसलेलं सरण. हसू मढ्यानं येत नाही, या हट्टानं येतं. तिसरं, जो विनोद पहिल्यांदा सुचला तो फेकून द्या. वरातीत बँडपुढं झोंबी नाचतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही, हे मला सुचलं, माझ्या असिस्टंटला सुचलं, चहावाल्यालाही सुचलं. म्हणजे ते प्रेक्षकालाही आधीच सुचलेलं असणार.

पटकथा नोंदवून ठेवा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की घरबसल्या नोंदणी होते. तुम्ही दिग्दर्शक असलात तरी लेखक म्हणून निर्मात्याशी वेगळा करार करा, भले निर्माता तुमचा मावसभाऊ असो. रोमेरोच्या १९६८ च्या सिनेमाचं नाव आयत्या वेळी बदललं आणि नव्या शीर्षकाच्या पट्टीवर हक्काची ओळ टाकायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानं तेवढ्यावर सिनेमा सगळ्यांचा झाला. आपल्या कायद्यात तसली ओळ लागत नाही, पण कागद नसला की माणूस कसा हात चोळत बसतो ते यावरून कळतं.

तिसरी पायरी: पंचांग बघा

मे महिन्यात शूटिंग करू नका. बेचाळीस अंशांत चेहऱ्यावरचं लेटेक्स, म्हणजे मेकअपचं पातळ रबर, घामानं सुटतं आणि झोंबी बिचारा खरोखर मरायला टेकतो. पावसाळ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला, पण त्यात एक मेख आहे. बीडच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे धारूर, वडवणी, शिरूर, पाटोद्याकडं, दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यावर जातात. गावात म्हातारीकोतारी आणि पोरं उरतात. कुलपं लागलेली गल्ली हवी असेल तर सेट लावायची गरज नाही. मॉब हवा असेल तर गावात माणूस नाही. आम्ही ओसाड सीन तिकडं केले आणि गर्दीचे लातूरकडं.

लातूर-धाराशिवकडं आणखी एक दिवस आहे, जो पैसे देऊन मिळत नाही: येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं शहर रानात जातं, कडब्याच्या कोपीपुढं पूजा होते, भज्जी-आंबील-उंड्यांवर ताव मारला जातो. दुकानं बंद, रस्ते मोकळे, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात अघोषित संचारबंदी असं छापून येतं. मोकळ्या शहराचे सगळे शॉट सकाळी दहा ते चारमध्ये उरकायचे. त्यासाठी रेकी, म्हणजे जागेची पाहणी, आठ दिवस आधी, त्याच वेळेला करा, सावल्या कुठं पडतात ते लिहा. कॅमेरामन दुपारी जेवायला रानात पळणार नाही याची सोय करा. आमचा पळाला. मीही गेलो. दीड तास वाया गेला, पण आंबील चांगली होती.

अमावस्येची रात्र मात्र टाळा. दिसत काहीच नाही आणि लाईट जास्त लागतात. पौर्णिमेच्या आसपासचं आकाश आजच्या कॅमेऱ्यांना पुष्कळ साथ देतं. त्याहून स्वस्त म्हणजे सूर्य बुडाल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं. रोज एकच शॉट, पण तालीम दुपारी झालेली असली पाहिजे.

चौथी पायरी: माणसं आणि भाषा

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत एकांकिका स्पर्धा खेळणारी पोरं आहेत. मुख्य पाच-सहा पात्रं तिथून घ्या. बाकीचे गावातले. याच विद्यापीठात शिकवणारे लक्ष्मण देशपांडे एकट्यानं बावन्न पात्रं उभी करायचे, तेव्हा इथल्या बोलीत किती जीव आहे हे वेगळं सांगायला नको. फक्त एक करा. परभणीचा माणूस परभणीचं बोलू दे, लातूरचा लातूरचं. सगळ्यांच्या तोंडी सरसकट एकच ग्रामीण मराठी घातली की ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हे पुण्यात लिहिलंय. मी संवाद प्रमाणभाषेत देतो आणि तालमीत विचारतो, "हे तुम्ही घरी कसं म्हणाल?" तो म्हणेल ते लिहून घेतो. वयस्कर माणसाला कुणी बप्पा म्हणतं, कुणी आबा, कुणी तात्या. ते ज्याच्या त्याच्या गावावर सोडा.

झोंबींची तालीम वेगळी, एका रविवारी शाळेच्या मैदानावर. नुसतं हात पुढं करून लंगडा म्हटलं की तीस जण एकसारखे लंगडतात, कवायत वाटते. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे: कशानं मेलात? कुठं मोडलंय? काय करायचं राहिलं? विहिरीत पडलेल्याची मान एका बाजूला जाते. ट्रॅक्टरखाली आलेला एक पाय ओढतो. एसटीचा कंडक्टर मेल्यावरही चिमटीत नसलेलं तिकीट धरतो. हौशी माणसं गुरगुरतात, ते बंद करा, आवाज नंतर भरता येतो. तीसातल्या तिघांनाच कंडक्टरसारखी विनोदी लकब द्या, सत्तावीस जणांनी नुसतं चालायचं. सगळेच विनोदी झाले तर भ्यायचं कुणाला?

मॉबला पैसे रोजच्या रोज, हातात, पॅकअपच्या आधी. जेवण नटांना जे तेच त्यांना.

पाचवी पायरी: रक्त, कातडी, कपडे

झोंबींचे तीन थर करा. कॅमेऱ्याजवळचे पाच, त्यांना दीड-दीड तास. मधले दहा-बारा, प्रत्येकी पंधरा मिनिटं. मागचे सगळे राख, पावडर आणि मळके कपडे, तीन मिनिटांत तयार. सगळ्यांना सारखा मेकअप करायला गेलात तर पहिला शॉट पहाटे तीनला लागेल.

कातडी सोलल्यासारखी दाखवायला लिक्विड लेटेक्स आणि टिश्यू पेपर. एक थर लेटेक्स, त्यावर टिश्यूचा तुकडा, वर पुन्हा लेटेक्स. वाळलं की मधे फाडून आत लाल-काळा रंग. आदल्या दिवशी मनगटावर लावून बघा, काहींना पुरळ येतं. केसांवर लेटेक्स कधीही लावू नका. मिशा, भुवया, कानशिलं व्हॅसलीननं माखून घ्या. हे मी सांगायला विसरलो आणि एका सज्जन गृहस्थांची अर्धी मिशी लेटेक्सबरोबर निघून आली. सहा दिवसांवर त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. पुढचे सगळे शॉट ते उपरणं तोंडाला लावून चालले, आणि त्यांच्याशी माझं बोलणं दोन महिने बंद होतं. काढताना ओढायचं नाही. खोबरेल तेल, कोमट पाणी, दहा मिनिटं दम.

मधल्या थराला मुलतानी माती चांगली. कोळशाची पूड घालून जाडसर लावली की वाळून भेगा पडतात, दुष्काळी जमिनीसारख्या. चेहरा हलला की गळते, म्हणून बोलणाऱ्याला लावू नका.

रक्त घरी करा. एक किलो लिक्विड ग्लुकोज, मिठाईवाल्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतं. वाटीभर पाणी, खाण्याचा लाल रंग, दोन चमचे कोको आणि निळ्या रंगाचं नखाएवढं बोट. कोकोशिवाय ते सरबत दिसतं. जी लाईट वापरणार तिच्याखालीच पांढऱ्या कापडावर टाकून बघा, काही एलईडींत लाल गुलाबी होतं. पूर्ण शेड्यूलचं रक्त एकाच वेळी करा, नाहीतर शुक्रवारची जखम रविवारी वेगळ्या रंगाची.

गोड रक्ताला मुंग्या येतात. आडवं पडून राहायचा शॉट होता, आमचं मढं अर्ध्या टेकमध्ये उठून पळालं. कपड्यावर आणि जमिनीवर पसरायचं रक्त म्हणून भांडी घासायच्या लिक्विडमध्ये रंग आणि कोको घालून करा. मुंगी फिरकत नाही, धुतलं की निघतं. तोंडाजवळ मात्र ग्लुकोजचंच. दोन्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि एका माणसाकडंच द्या. मेंदू म्हणून उकडलेला फ्लॉवर, बीटच्या रसात भिजवून. खाणाऱ्याला चवही बरी लागते.

धोतर, पैरण, लुगडं प्रत्येकी तीन नग. एक स्वच्छ, एक रक्ताचं, एक राखीव. चहाच्या पाण्यात भिजवून, पॉलिश पेपरनं घासून जुने करा. गावातून जुने कपडे मागाल तर विचारून घ्या कुणाचे आहेत. एका माउलीनं मोठ्या मनानं कोट दिला, तो तिच्या गेलेल्या नवऱ्याचा निघाला. त्याला रक्त लावलं नाही. तो ऑपरेटरच्या खुर्चीच्या पाठीला अडकवला, सिनेमाभर दिसतो.

सहावी पायरी: कागद

थोडक्यात. सरकारी जागा असेल तर राज्याच्या चित्रपट महामंडळाच्या एक खिडकी व्यवस्थेतून अर्ज. दौलताबाद, बीबी का मकबरा, वेरूळ अशी ठिकाणं पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं आहेत, त्यांची परवानगी वेगळी. पहिल्या सिनेमाला तिकडं जाऊच नका. खाजगी शेत-वाड्याला मालकाची लेखी संमती, गावासाठी ग्रामपंचायतीचं पत्र. लहान पोरं घेणार असाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त तर नाहीच. म्हैस, कुत्रं कामाला लावायचं तर प्राणी कल्याण मंडळाची आगाऊ परवानगी. लग्नाच्या सीनमध्ये बँडवर वाजणारं गाणं फुकटचं नसतं. स्वतःची धून बांधून घ्या.

पोलीस ठाण्याचं पत्र नुसतं कागद म्हणून घेऊ नका. रात्री रक्तानं माखलेली माणसं रस्त्यावर दिसली तर काय होईल याचा विचार करा. २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना मारून टाकलं, नुसत्या अफवेवर. म्हणून आमचा नियम कडक होता. मेकअप केलेला माणूस एकटा सेटबाहेर जाणार नाही, लघवीलाही नाही. सोबत ओळखपत्र घातलेला एक जण. आजूबाजूच्या वाड्यांवर आदल्या दिवशी दवंडी, गावाच्या ग्रुपवर मेसेज, रस्त्याच्या दोन्ही टोकांना शूटिंगची पाटी आणि बॅटरी घेतलेला माणूस.

सातवी पायरी: रात्रीची शूटिंग

शेतीच्या थ्री फेजची पाळी कधी आहे ते लाईनमनला विचारा. दिवसाची पाळी असलेल्या आठवड्यात रात्री शिवार शांत असतं. आम्ही विचारलं नाही. आठव्या टेकला सगळं जमून आलं, नटीच्या डोळ्यांत पाणी, पाठीमागून हळूच आबा, आणि शेजारच्या विहिरीवर ऑटो बसवलेली मोटार भर्रकन सुरू. शेतकरी घरी झोपलेला. बंद करायला जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. तेव्हापासून आसपासच्या चार मोटारवाल्यांचे नंबर असिस्टंटच्या वहीत पहिल्या पानावर असतात. कुत्री लंगडणाऱ्या माणसावर भुंकतात, त्यांना संध्याकाळीच भाकरी घालून ओळख करून घ्या. तरी जागेवरच्या आवाजावर विसंबू नका. प्रत्येक सीननंतर त्याच जागी नटांना उभं करून नुसते संवाद एकदा रेकॉर्ड करा.

कॅमेरा कुठं ठेवायचा? विनोदासाठी लांब आणि स्थिर, भीतीसाठी जवळ. लेखक-दिग्दर्शकाला वाटतं की आपला विनोद सुटेल, म्हणून तो अंगठ्याचा क्लोजअप लावतो, मग ऑपरेटरचा चेहरा, मग बाईचा. तीन वेळा कोपर मारून हसा म्हटल्यासारखं होतं. आम्ही टेबलाच्या बाजूनं एकच शॉट लावला, बावीस सेकंद, कट नाही. अंगठा कोपऱ्यात दिसतो, ज्याला दिसला तो शेजाऱ्याला दाखवतो. नटाला सूचनाही एकच: तुम्हाला साडेपाचची एसटी पकडायची आहे. घाबरा किंवा विनोदी करा, असं काही सांगितलं नाही.

कंटिन्युइटीसाठी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळावं म्हणून, प्रत्येक झोंबीचा प्रत्येक कटनंतर समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो. चावा डाव्या हाताला होता की उजव्या, यावर पहाटे चारला कुणाचीच आठवण चालत नाही.

आठवी पायरी: टेबलावर

एडिट दुसऱ्याकडून करून घ्या. आवाज मात्र स्वतः बसून भरा, त्यात मजा आहे. हाड मोडायला उसाचं कांडं, बरगड्यांना वाळलेला ज्वारीचा धांडा, मांस फाडायला ओलं गोणपाट. सीताफळ माइकजवळ चोखून खा, पुढं काही करावं लागत नाही.

सेन्सॉरचा अर्ज ऑनलाइन होतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएमध्ये, म्हणजे पोरांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायच्या वर्गात, सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्या आल्या आहेत. कुठली हवी ते एडिटच्या आधी ठरवा. ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, मिळालं तर टीव्हीला विकताना अडतं. रक्ताचे शॉट कमी-जास्त करता येतील असे दोन पर्याय शूटिंगलाच घेऊन ठेवा. आणि कल्ट सिनेमा करतोय असं पोस्टरवर लिहू नका. ते प्रेक्षक ठरवतात, बहुतेकदा दहा-बारा वर्षांनी.

पहिला खेळ मात्र जिथं शूट केलं तिथंच करा, कच्चा एडिट असतानाच, शाळेच्या भिंतीवर. तुम्ही पडद्याकडं पाठ करून बसा. तोंडं बघा, कुठं हसले, कुठं तंबाखू मळायला घेतली, घड्याळ लावून वेळ लिहा. आमच्या वहीत त्या रात्री अकरा ठिकाणी तंबाखूची नोंद झाली, त्यातल्या नऊ जागा कापल्या. संपल्यावर सगळे उठले, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या, तेव्हा मागच्या एका आजीनं विचारलं, "पण त्या आबाचा दाखला निघाला का न्हाई रं?"

आम्ही ते दाखवलंच नव्हतं. अंगठा, पुढं कोण हाय, पुढचा सीन. पुढच्या आठवड्यात अर्धा दिवस भाड्यानं कॅमेरा आणला, केंद्राचं टेबल पुन्हा लावलं, कोट खुर्चीला अडकवला. प्रिंटरमधून कागद बाहेर येतो, ऑपरेटर शिक्का मारतो आणि न बघता काउंटरवर सरकवतो. न्यायला कुणी नसतं. शॉट नऊ सेकंदांचा आहे.